सिग्नल पूर्ण, तरी कॉल अडकतो : एका लॅपटॉपच्या वायफायचं प्रकरण

तक्रार अशी होती. आतल्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला की व्हिडिओ कॉल अडकायचा. चित्र गोठायचं, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा आणि दिवसातून एकदोनदा कॉलच तुटायचा. वायफायची खूण मात्र जवळजवळ पूर्ण भरलेली. शेजारी ठेवलेल्या फोनवर त्याच राउटरवरून सगळं सुरळीत चालायचं. लॅपटॉप उचलून बाहेर राउटरच्या खोलीत नेला की तोही शहाण्यासारखा वागायचा. त्यामुळे घरात निकाल लागूनच गेला होता: मध्ये दोन भिंती आहेत, सिग्नल पोचत नाही, मोठा राउटर घ्या नाहीतर रिपीटर लावा.

निकाल चुकला होता. पण ज्या निरीक्षणांवरून तो काढला ती सगळी खरी होती. या प्रकरणाची गंमत तिथेच आहे, आणि त्यातले दोन्ही दोष अगदी सर्रास सापडणारे आहेत.

मांडणी

लॅपटॉप विंडोज ११ चा. वायफाय कार्ड दोन अँटेनांचं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) चालणारं, वायफाय ५ पिढीतलं. राउटरही दोन्ही बँडचा, दोन्हींना एकच नाव दिलेलं, बाकी सगळी सेटिंग्ज ‘ऑटो’. बाहेरून येणारी जोडणी १०० एमबीपीएसची. टेबलावर लॅपटॉपच्या डाव्या अंगाला, स्क्रीनपासून वीतभर अंतरावर एक यूएसबी ३ चा हब (एका जोडणीतून अनेक उपकरणं जोडायची डबी). त्याला बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि बिनतारी माउसचा चिमुकला रिसीव्हर जोडलेला.

पुढे येणारे आकडे अशा मांडणीत जसे दिसतात तसे नमुन्यादाखल घेतले आहेत. दुसऱ्या घरात आकडे बदलतील, त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ बदलणार नाही. विंडोजच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

आधी करून झालेले उपाय

राउटर बंद-चालू करणं रोजचंच झालं होतं. त्याने कधी फरक पडायचा, कधी उलट जास्त बिघडायचं. हे ‘कधी उलट’ कुणी मनावर घेतलं नव्हतं; पुढे तेच महत्त्वाचं ठरलं. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला होता. विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ वापरून झालं होतं. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएनची जोडणीही पुन्हा बसवावी लागू शकते, हे ते बटण दाबल्यावर कळलं. डीएनएसचा पत्ता हाताने भरला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधण्यापुरतं; एकदा कॉल लागला की त्याचा फारसा संबंध उरत नाही. चालू कॉल मधेच अडकतो तेव्हा डीएनएसवर संशय घेण्यात अर्थ नाही.

यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे लागू पडतो. चूक एवढीच झाली की बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे न पाहता उपाय सुरू केले, आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या. फरक पडला तरी तो कशाने पडला हे कळायची सोय राहिली नाही.

रस्त्याचे दोन तुकडे

लॅपटॉपपासून राउटरपर्यंत एक तुकडा, राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंत दुसरा. स्पीड टेस्ट दोन्ही तुकडे एकदम मोजते, म्हणून दोष शोधताना ती पहिली चाचणी म्हणून कुचकामी. पहिली चाचणी फक्त राउटरपर्यंतची हवी.

कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ दिलं की वायरलेस अडॅप्टरखाली डीफॉल्ट गेटवे दिसतो. तोच राउटरचा पत्ता. इथे तो १९२.१६८.१.१ होता. त्याच्या वरच्या ओळींत लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता असतो, त्यावरही नजर टाकायची. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि प्रकरण वेगळ्याच वाटेने जातं. इथे पत्ता व्यवस्थित मिळालेला होता.

मग ‘पिंग’ (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा), त्यापुढे गेटवेचा पत्ता आणि शेवटी ‘-टी’. ही पिंग आपण कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत चालू राहते. चाचणीआधी लॅपटॉप चार्जरला लावलेला बरा, कारण बॅटरीवर असताना वायफाय कार्ड डुलक्या काढतं आणि त्यानेही मधूनमधून शंभर-दोनशे मिलिसेकंदांचे हिसके दिसतात. टेबलावरून आलेली उत्तरं अशी: २ मिलिसेकंद, ३, १८४, ५, ४१६, २, २, २३७, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, मग पुन्हा ३. घरातल्या घरात, दोन भिंतींपलीकडच्या राउटरकडून उत्तर यायला ४१६ मिलिसेकंद. बाहेरच्या जोडणीचा यात काहीच हात नाही. दोष पहिल्याच तुकड्यात आहे हे इथेच ठरलं.

इथे एक बारकावा आहे. पिंग मुळात ३२ बाइटचं पिटुकलं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवते. ते हवेत फार थोडा वेळ असतं, म्हणून गोंगाटातूनही निसटून जातं. कॉलमधली पाकिटं त्याच्या कित्येक पट मोठी असतात. म्हणून आज्ञेत ‘-एल १४००’ आणि ‘-एन १००’ जोडून १४०० बाइटची शंभर पाकिटं पाठवली. लहान पाकिटांत शंभरातली ३ हरवत होती, मोठ्यांत ११. वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोच मागितली जाते आणि पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवलं जातं. त्यामुळे हवेतला त्रास आधी उशिराच्या रूपात दिसतो. सगळे प्रयत्न संपले तरच पाकीट हरवतं. शंभरात ११ हरवतात याचा अर्थ बाकीच्यांतलीही बरीच दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पोचत होती.

फोनवर पिंगचं एक साधं अॅप टाकून त्याच टेबलावरून तीच चाचणी केली. ३ ते ६ मिलिसेकंद, एकही पाकीट हरवलं नाही. राउटरवरचा संशय बराच कमी झाला.

आकडे वाचताना

पुढची आज्ञा ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती चालायला लोकेशनची परवानगी लागते. नसेल तर नुसती त्रुटी दाखवते आणि माणूस उगाच कार्डावर संशय घेतो. या आज्ञेतून पाच गोष्टी टिपायच्या: बँड, चॅनल (बँडमधली ठरावीक जागा), सिग्नलची टक्केवारी, रिसीव्ह रेट (राउटरकडून येण्याचा वेग) आणि ट्रान्समिट रेट (राउटरकडे जाण्याचा वेग), दोन्ही एमबीपीएसमध्ये. लॅपटॉप निवांत बसलेला असताना रेटचे आकडे फसवे येतात, म्हणून एखादी मोठी फाइल उतरत असताना पाच-सात वेळा आज्ञा द्यायची.

टेबलावर: बँड २.४, चॅनल ९, सिग्नल ७६ टक्के, रिसीव्ह २६, ट्रान्समिट १४४.४.

राउटरच्या खोलीत: बँड २.४, चॅनल ९, सिग्नल ९९ टक्के, रिसीव्ह १४४.४, ट्रान्समिट १४४.४.

टक्क्यांचं डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जास्त) रूपांतर सोपं आहे. निम्मे करायचे आणि १०० वजा करायचे. ७६ चे निम्मे ३८, म्हणजे उणे ६२ डीबीएम. उणे ६७ च्या वर व्हिडिओ कॉल आरामात चालायला हवा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. थोडक्यात, भिंतींनी सिग्नल कमी केला होता, पण पुरेसा शिल्लक ठेवला होता. भिंतींवरचा आळ इथेच सैल झाला.

खरी खूण रेटच्या दोन आकड्यांत होती. लॅपटॉपकडून राउटरकडे १४४.४, म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंदीत दोन अँटेनांना शक्य तेवढा पूर्ण वेग. राउटरकडून लॅपटॉपकडे फक्त २६. हवा तीच, भिंती त्याच, अंतर तेच. भिंत दोन्ही दिशांना सारखंच अडवते. ती एका बाजूने जाणाऱ्यालाच अडवत नाही. राउटरचं बोलणं लॅपटॉपला नीट ऐकू येत नाही, पण लॅपटॉपचं बोलणं राउटरला ऐकू जातं, याचा अर्थ लॅपटॉपच्या कानाशीच कुणीतरी गोंगाट करतंय. स्पीड टेस्टमध्येही हेच उमटलं होतं. डाउनलोड ४ एमबीपीएस, अपलोड ३० च्या पुढे. अपलोडच्या पोचपावत्याही लॅपटॉपलाच ऐकाव्या लागतात, मग अपलोड कसं टिकतं? पोचपावती अगदी छोटी असते आणि मुद्दाम सावकाश, सोप्या भाषेत पाठवली जाते, म्हणून ती गोंगाटातही कळते.

(जाता जाता: हे दोन्ही आकडे ५४ वर अडकलेले दिसले तर सिग्नलच्या मागे लागू नये. राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जुनी टीकेआयपी पद्धत निवडलेली असते किंवा डब्ल्यूएमएम (पाकिटांना अग्रक्रम देणारी सोय) बंद केलेलं असतं. दोन्हींत नव्या पिढीचे वेग नियमानेच बंद होतात.)

वायफायच्या रेघा फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, गोंगाट दाखवत नाहीत. विंडोज गोंगाटाचा आकडा समोर ठेवतच नाही. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या खुणेवर क्लिक केलं की सिग्नल आणि नॉइज दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. तिथे हे प्रकरण बरंच लवकर सुटलं असतं.

वगळलेल्या शक्यता

लगेच हबवर झडप घातली नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने असतात आणि प्रत्येक जोडणी २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी’ दिल्यावर शेजारची नेटवर्कं ६ आणि ११ वर दिसली. ऑटोने निवडलेला ९ त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे दोघांचाही त्रास घेणारा. राउटर १ वर आणला. हरवणारी पाकिटं ११ वरून ९ वर आली. बदल बरा, पण दुखणं हे नव्हे. चॅनल १ तसाच ठेवला.

‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा प्रशासक म्हणून उघडलेल्या खिडकीत दिली की मागच्या तीन दिवसांचा अहवाल वेबपानाच्या रूपात तयार होतो. त्यात जोडणी कधी तुटली, का तुटली, लॅपटॉप कधी झोपला हे वेळेनुसार मांडलेलं असतं. इथे वेळेची नियमितता शोधायची. बरोबर तासातासाने जोडणी तुटत असेल तर राउटरमधला ग्रुप की (सगळ्या उपकरणांची सामाईक सांकेतिक किल्ली) बदलण्याचा कालावधी पाहावा. बऱ्याच राउटरमध्ये तो ३६०० सेकंदांचा असतो. जुना ड्रायव्हर नव्या कीची देवाणघेवाण वेळेत पुरी करत नाही आणि राउटर त्याला बाहेर काढतो. राउटरच्या नोंदीत मग कारण क्रमांक १६ दिसतो. दर वेळी झोपेतून उठल्यावरच त्रास होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची मुभा दिलेली असते, ती काढावी. पासवर्ड बरोबर असून जोडणी बसतच नसेल तर राउटरवरचा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतींचा मिश्र मोड तपासावा. काही जुन्या कार्डांना तो झेपत नाही.

या लॅपटॉपच्या अहवालात यातलं काहीच नव्हतं. तुटण्याच्या नोंदी मोजक्याच आणि त्यांना वेळेचा काही ताल नाही. कॉल अडकत होता तेव्हाही जोडणी कागदोपत्री शाबूत होती.

हब

आता राहिला टेबलावरचा गोंगाट. त्याची साक्ष खरं तर आधीच मिळाली होती, पण तक्रारीत कुणी ती सांगितली नव्हती, कारण तिचा वायफायशी संबंध आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. या टेबलावर माउसचा बाण मधूनच अडखळायचा. सरळ ओढला तरी दोन-तीन उड्या मारत जायचा. सेल संपत आले असतील म्हणून दोनदा सेल बदलून झाले होते. बिनतारी माउसचा रिसीव्हरही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, आणि तो हार्ड डिस्कच्या केबलला चिकटून हबमध्येच खोचलेला होता. एकाच जागी, एकाच बँडची दोन उपकरणं अडखळतायत, तेव्हा गोंगाट तिथल्या तिथेच शोधायचा.

प्रयोग असा केला. लॅपटॉप जागचा हलवला नाही, स्क्रीनचा कोनसुद्धा बदलला नाही. दर वेळी १४०० बाइटची शंभर पाकिटं.

हब जोडलेला, आहे तसा: ९ हरवली, सर्वांत उशिराचं उत्तर ९०० मिलिसेकंदांच्या आसपास.
हबची केबल उपटली: एकही हरवलं नाही, जवळपास सगळी २ ते ४ मध्ये.
नुसता हब जोडला, त्यावर काही नाही: १ हरवलं, मधूनमधून ३०-४० चे हिसके.
हबवर हार्ड डिस्क, फाइल कॉपी चालू: १९ हरवली.
तीच डिस्क, तीच कॉपी, पण मध्ये यूएसबी २ ची केबल: एकही नाही.
पुन्हा पहिल्यासारखं जोडलं: १० हरवली.

शेवटची ओळ कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. काढल्यावर बरं झालं एवढ्याने भागत नाही. परत लावल्यावर पुन्हा बिघडलं पाहिजे. नाहीतर त्याच मिनिटाला शेजारच्याने आपली मोठी फाइल उतरवून संपवली असेल आणि श्रेय आपल्या हाताला जाईल.

कारण असं. यूएसबी ३ ची मूळ जोडणी सेकंदाला ५ गिगाबिट पाठवते. एवढ्या वेगाच्या संदेशाची ऊर्जा एका वारंवारतेवर थांबत नाही. ती शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते आणि २.४ चा बँड नेमका त्या पसाऱ्यात सापडतो. केबल, तिचं कनेक्टर आणि डिस्कचं प्लास्टिकचं खोकं, यांचं शिल्डिंग (गळती अडवणारं धातूचं आवरण) जितकं कच्चं तितकी गळती जास्त. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर एक टिपण काढलं होतं. त्यातल्या मोजणीत यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झमधला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढलेला दिसतो. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिटचा, त्याची ऊर्जा बरीच खालीच संपते, म्हणून ती केबल लावल्यावर शांतता झाली.

हिशेब मांडून पाहिला तर आकडे जुळतात. २० मेगाहर्ट्झच्या जोडणीत कार्डाचा स्वतःचा गोंगाट साधारण उणे ९५ डीबीएम असतो. सिग्नल उणे ६२. दोघांतलं अंतर ३३ डेसिबल, पूर्ण वेगाला पुरून उरणारं. हबने गोंगाट उणे ७५ वर आणला की अंतर उरतं १३. तेवढ्यात वायफायला सर्वांत अवघड भाषा सोडून सोप्या भाषेत बोलावं लागतं आणि वेग १४४.४ वरून २६ वर येतो. सिग्नल तसूभरही कमी झालेला नाही, म्हणून रेघाही कमी होत नाहीत.

अनेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या वरच्या किंवा कडेच्या चौकटीत असतात. हब स्क्रीनपासून वीतभरावर आणि त्याची केबल स्क्रीनच्या मागून गेलेली. यापेक्षा वाईट जागा निवडणं अवघड होतं.

आणि राउटरच्या खोलीत लॅपटॉप का सुधारायचा? तिथे सिग्नल जास्त हे खरं, पण मुख्य कारण साधं होतं. लॅपटॉप उचलताना हबची केबल काढावी लागायची. हब टेबलावरच राहायचा.

फोन ५ वर, लॅपटॉप २.४ वर

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण एक प्रश्न उरला. दोन्ही बँड असताना आणि फोन त्याच टेबलावर ५ गिगाहर्ट्झ वापरत असताना लॅपटॉप २.४ वरच का बसून होता? ५ वर असता तर हबचा उपद्रव जवळपास जाणवलाही नसता, कारण ५ गिगाबिटच्या जोडणीची गळती त्या बँडपाशी पोचेपर्यंत विरलेली असते.

उत्तर राउटरच्या पानावर होतं. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ऑटो, आणि ऑटोने निवडलेला ५२, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. बहुतेक देशांत ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. या चॅनलवर बोलायला सुरुवात करण्याआधी राउटरला निदान ६० सेकंद गप्प राहून रडार नाही ना हे ऐकावं लागतं. रडार सापडलं तर १० सेकंदांत चॅनल रिकामा करून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही.

आता राउटर बंद-चालू केल्यावर काय होतं ते पाहा. २.४ चा बँड लगेच जागा होतो. ५ चा बँड आणखी एक मिनिट मुका. लॅपटॉप उघडाच असतो, तो मिळेल ती जोडणी पकडतो, ती २.४ ची. मिनिटभराने ५ चा बँड बोलायला लागतो, पण लॅपटॉप तिकडे पाहतच नाही. कुठल्या बँडवर राहायचं हे शेवटी लॅपटॉपचं कार्ड ठरवतं, आणि हातातला सिग्नल चांगला असेपर्यंत ते दुसरा शोधायच्या फंदात पडत नाही. उणे ६२ त्याच्या मते उत्तम. फोनची स्क्रीन त्या वेळी बहुधा बंद असते. तो नंतर जागा होतो तेव्हा दोन्ही बँड हजर असतात आणि तो ५ निवडतो.

झोपेतून उठतानाही लॅपटॉपची कधी कधी हीच अडचण व्हायची. रडारच्या चॅनलवर कार्डाला स्वतः हाक मारायची मुभा नसते, राउटरची हाळी ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं. घाईत असलेलं कार्ड तोवर २.४ पकडून मोकळं होतं.

म्हणजे घरचा हमखास उपाय, राउटर बंद-चालू करणं, हाच लॅपटॉपला गोंगाटाच्या बँडवर ढकलत होता. ‘कधी उलट जास्त बिघडतं’ ते यामुळे. आणि कधी फरक पडायचा तो त्या वेळी लॅपटॉप झाकलेला असेल तर.

केलेले बदल

राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ऑटोवरून ३६ वर, रुंदी ८०. ३६ ते ४८ हा गट रडारच्या यादीत नाही, त्यामुळे सुरू होताना मिनिटभराचं मौन नाही. २.४ वर चॅनल १, रुंदी २०. दोन बँडना वेगळी नावं द्यायचाही पर्याय होता. तो घेतला नाही, कारण घरातली बाकीची उपकरणं नव्याने जोडत बसावी लागली असती. त्याऐवजी लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड या वाटेने जाऊन ‘प्रिफर्ड बँड’मध्ये ५ गिगाहर्ट्झला पसंती दिली. ही ओळ प्रत्येक कार्डात असतेच असं नाही. नसेल तर मात्र वेगळी नावं देणं हाच सरळ मार्ग.

हब टेबलाखाली, मागच्या पायापाशी गेला. जोडणीला एक मीटरची, जाड शिल्डिंगची केबल. यूएसबी २ ची केबल लावूनही काम भागलं असतं, पण बॅकअपला तिप्पट-चौपट वेळ लागला असता आणि दोन आठवड्यांत कुणीतरी ‘हळू आहे’ म्हणून जुनी केबल परत लावली असती. माउसचा रिसीव्हर हबमधून काढून लॅपटॉपच्या उजव्या बाजूला, हातभर लांबीच्या यूएसबी २ च्या एक्सटेन्शनवर.

आधीच्या उपायांचा उरलेला राडाही आवरला. हाताने भरलेला डीएनएस काढून पुन्हा आपोआप मिळणारा ठेवला. हे विसरलं की पुढे कधी हा लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर अडतो आणि तिथे नवंच प्रकरण सुरू होतं.

पडताळणी

टेबलावर, हब जोडलेला, डिस्कवर कॉपी चालू: बँड ५, चॅनल ३६, सिग्नल ६८ टक्के म्हणजे उणे ६६ डीबीएम, रिसीव्ह ५२०, ट्रान्समिट ५८५. सिग्नल आधीपेक्षा कमी, खुणेतली एक रेघही कमी, आणि वेग वीसपट. १४०० बाइटच्या शंभर पाकिटांत एकही हरवलं नाही. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ९० च्या पुढे, म्हणजे आता मर्यादा बाहेरच्या जोडणीची.

मग लॅपटॉप मुद्दाम उघडा ठेवून राउटर पाच वेळा बंद-चालू केला. चार वेळा लॅपटॉप सरळ ५ वर आला. एकदा २.४ वर बसला आणि काही मिनिटांनी स्वतःच ५ वर गेला. मुद्दाम २.४ ला जोडून, हब टेबलाखाली असताना पिंग पाहिली तर उत्तरं २ ते ८ मिलिसेकंदांत. म्हणजे लॅपटॉप चुकून तिकडे अडकला तरी कॉल निभावून जाईल. तीन दिवसांनी पुन्हा काढलेल्या अहवालात फक्त लॅपटॉप झाकल्याच्या नोंदी होत्या. माउस अडखळत नाही.

राउटर रीसेट केला, किंवा काही राउटरमध्ये नुसतं फर्मवेअर (राउटरमधला प्रोग्रॅम) बदललं, तरी सगळं पुन्हा ऑटोवर जातं. म्हणून राउटरच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर दोन ओळी लिहून ठेवल्या: ५ वर ३६, रुंदी ८०. २.४ वर १, रुंदी २०.